सोळा फुटांचा हिशेब



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, हा गृहस्थ तीस वर्षे कामगारांच्या चळवळीत आहे, तेव्हा तो बोनस, कंत्राटी पद्धत किंवा नवे कामगार कायदे यांपैकी कशावर तरी बोलेल. मी त्यांना विषय कळवला तो असा : चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाची मोटार आणि ती उभी करण्याची जागा. त्यावर चालकांपैकी एकांनी मला फोन करून विचारले, "साहेब, या विषयावर तासभर बोलता येईल का?" मी म्हणालो, "येईल. आणि मला बोललेच पाहिजे." का बोलले पाहिजे, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा हिशेब कशासाठी मांडला ते आपल्या ध्यानात येईल.

माझे शाळेतले शिक्षण दहावीला संपले. पुढे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि नगर वाचनालयात. तेव्हा मी विद्वानासारखे बोलणार नाही. पाहिले, मोजले आणि वाचले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

आमच्या युनियनमधला माझा एक सोबती कारखान्यातल्या क्रेनवरून पडला. मणक्याला मार बसला आणि कमरेखालचे अंग गेले. त्या वेळी त्याचे वय अवघे चौतीस होते. नुकसानभरपाईसाठी आम्ही भांडलो, ती मिळाली, आणि तिच्यातून त्याने एक जुनी व्हॅन घेतली. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून मागच्या दाराला दुमडता येणारा लोखंडी पत्र्याचा उतार बसवून घेतला. आरटीओत त्याची रीतसर नोंद केली. दार उघडायचे, उतार खाली सोडायचा आणि खुर्चीसकट आत चढायचे. मुलगा गाडी चालवतो. त्या गाडीने तो पुन्हा माणसांत आला. दवाखाना, बँक, मुलीची शाळा, सगळीकडे जाऊ लागला.

पुढे आमच्या युनियनची वार्षिक सभा भरली. अपघात झालेल्या कामगारांच्या प्रश्नावर बोलायला आम्ही त्यालाच बोलावले होते. सभागृह मुद्दाम तळमजल्यावरचे घेतले होते. पायरी एकही नव्हती. त्याचा मुलगा वेळेआधी आला आणि त्याने गाडी दाराजवळ नीट लावली. तेवढ्यात सभेला येणाऱ्यांच्या मोटारसायकली येऊ लागल्या. गाडीच्या मागे मोकळी जागा दिसली, तिथे एक लागली, मग दुसरी, मग दहा. मागचे दार उघडेना, उतार खाली पडेना. मुलगा आत येऊन कोणाला सांगावे तर माइक सुरू, घोषणा सुरू. दोन तास आमचा वक्ता आपल्याच गाडीत बसून राहिला आणि आम्ही व्यासपीठावरून जाहीर केले की, प्रकृतीच्या कारणाने ते येऊ शकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तो रागावला नव्हता. त्याने मला एवढेच सांगितले, "भाऊ, तुम्ही पायऱ्या बघितल्या, त्याबद्दल मी आभारी आहे. पण मला पायरीनं नाही अडवलं. पहिली मोटारसायकल तुमची होती. मी आरशात बघत होतो."

मंडळी, मी मालकांच्या चुका दाखवण्यात आयुष्य घालवले. ही चूक माझी होती. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

आता विषयाकडे येतो. पहिला प्रश्न असा की, ही गाडी साध्या मोटारीपेक्षा वेगळी का असते? ज्याच्या हातांत आणि खांद्यांत जोर आहे तो माणूस खुर्चीवरून सरकून मोटारीच्या आसनावर बसू शकतो आणि खुर्ची घडी करून मागे ठेवू शकतो. पण सगळ्यांना हे जमत नाही. विजेवर चालणारी खुर्ची भारी जड असते, तिची घडीही होत नाही. अशा माणसाला खुर्चीसकटच आत जावे लागते. त्यासाठी एकतर उचलणारा पाळणा हवा, नाहीतर उतार हवा. उतार बाजूच्या दारातून निघतो किंवा मागच्या दारातून.

या गाडीचा इतिहास एका कारखान्यातल्या माणसाशी जोडलेला आहे, म्हणून मला तो सांगावासा वाटतो. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या विनामॅक नावाच्या लहान गावी राल्फ ब्रॉन नावाचा मनुष्य होता. लहानपणापासून स्नायू झिजण्याचा रोग. चालणे बंद झाले. कामावर जाता यावे म्हणून त्याने आपल्या हाताने विजेवर चालणारी तीनचाकी बनवली. पुढे तो काम करीत होता ते ठिकाण काही मैल दूर हलले. तीनचाकीवर तेवढे अंतर, तेही तिकडच्या थंडीत, कापणे शक्य नव्हते. तेव्हा १९६६ च्या सुमारास त्याने टपाल खात्याची एक जुनी जीप घेतली, तिला हाताने चालवण्याची यंत्रणा लावली आणि मागच्या बाजूला खुर्ची उचलणारी फळी बसवली. १९७० मध्ये मोठ्या व्हॅन बाजारात आल्यावर त्याने त्यांच्यासाठी असाच पाळणा तयार केला, आणि त्याच्या मागणीतून पुढे मोठा कारखाना उभा राहिला. तो २०१३ मध्ये वारला. सांगायचे तात्पर्य, ही गाडी चैनीतून जन्मलेली नाही. कामावर वेळेवर पोचले पाहिजे, या कामगाराच्या गरजेतून ती जन्मली.

परंतु गाडी झाली म्हणजे काम झाले, असे नाही. गाडी घराच्या दारात आपल्या मर्जीने उघडते. दुसरीकडे ती उघडायची की नाही, हे शेजारी कोण उभा आहे त्यावर ठरते. बाजूच्या दारातून उतार निघतो तो सरळ चार-पाच फूट बाहेर येतो. उताराच्या टोकाशी खुर्ची उतरली म्हणजे तिला वळायला आणखी तीन-चार फूट लागतात. म्हणजे गाडीच्या बाजूला साधारण आठ फूट मोकळे पाहिजे. आपण सामान्यपणे दोन गाड्यांच्या मध्ये किती जागा सोडतो? दार किलकिले करून अंग तिरके काढता येईल एवढी. आपल्याला ती पुरते, कारण आपल्याला अंग तिरके करता येते. खुर्चीला अंग तिरके करता येत नाही.

या प्रश्नाचा सर्वांत तपशीलवार विचार अमेरिकेतल्या कायद्याने केला आहे. तिथे १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याखालचे जे बांधकामाचे नियम २०१० मध्ये सुधारले गेले, त्यांतले आकडे मी वहीत उतरून घेतले आहेत. आमच्या युनियनच्या सवयीप्रमाणे आकडे सोडून बोलणे मला आवडत नाही.

साध्या मोटारीसाठी राखून ठेवलेली जागा आठ फूट रुंद आणि तिच्याशेजारी पाच फुटांची मोकळी पट्टी. व्हॅनसाठी जागा अकरा फूट रुंद आणि शेजारी पाच फुटांची पट्टी. किंवा जागा आठ फूट आणि पट्टीही आठ फूट. दोन्ही रीतींनी बेरीज सोळा फूटच येते. मग दोन रीती कशाला? यात एक मोठी गंमत आहे आणि मनुष्यस्वभावाची पारखही आहे. पट्टी आठ फुटांची ठेवली की ती बरोबर एका मोटारीएवढी दिसते आणि कोणीतरी येऊन तिच्यात गाडी घालतो. पट्टी पाच फुटांची ठेवली की तिच्यात मोटार मावत नाही, आणि उरलेले तीन फूट व्हॅनच्या स्वतःच्या जागेत जातात. सोळा फूट तेच, पण वाटणी बदलली की चोरी अवघड होते. उपदेश करून जे होत नाही ते कधीकधी रंगाची रेघ तीन फूट सरकवून होते.

आणखी नियम ऐका. जमिनीला कोणत्याही दिशेने ४८ फुटांत एक फुटापेक्षा जास्त उतार नसावा, कारण उतारावर खुर्ची आपोआप घरंगळते. छपराखालच्या वाहनतळात व्हॅनला डोक्यावर आठ फूट दोन इंच उंची मिळाली पाहिजे. पट्टीवर रेघा ओढलेल्या असाव्यात. पाटी जमिनीपासून निदान पाच फूट उंच असावी, म्हणजे पुढे गाडी उभी असली तरी दिसेल. पाटीवरची खुर्चीची खूण आपण सर्वांनी पाहिली आहे. ती सुझान कोफोड या डेन्मार्कच्या विद्यार्थिनीने १९६८ मध्ये काढली, आणि नंतर तिच्यावर डोक्याचा गोल चढवून ती जगभर स्वीकारली गेली.

संख्येचाही नियम आहे. पंचवीस गाड्यांपर्यंतच्या तळात एक राखीव जागा. शंभर गाड्यांना चार. दोनशेंना सहा. पाचशेंना नऊ. आणि या राखीव जागांपैकी दर सहांत किंवा त्याच्या अंशात एक व्हॅनसाठी. हिशेब करून पाहा : दोनशे गाड्यांच्या तळात व्हॅनची जागा कायद्याने एकच पुरते. पाचशेंच्या तळात दोन. बाह्यरुग्ण विभागापाशी रुग्णांच्या व भेटीला येणाऱ्यांच्या तळात दहा टक्के आणि अपंगांना पुन्हा उभे करणाऱ्या उपचारकेंद्रांत वीस टक्के जागा राखाव्या लागतात, हा भाग निराळा.

हे सगळे वाचून मला वाटले होते की, तिकडे हा प्रश्न सुटलाच असेल. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे एका हिवाळ्यात काही आठवडे राहण्याचा योग आला. खिशात टेप बाळगण्याची माझी जुनी सवय आहे. मी दुकानांच्या तळांवर जाऊन खरोखरच मापे घेतली. भाचा शरमून म्हणायचा, "मामा, लोक बघताहेत." मापे बहुतेक ठिकाणी बरोबर होती, पण प्रश्न काही सुटलेला नव्हता.

एका मोठ्या दुकानापुढे मी उभा होतो. एक बाई विजेच्या खुर्चीवरून बाहेर आल्या. मांडीवर सामानाची पिशवी. त्यांची व्हॅन राखीव जागेत नियमाने उभी होती. पण शेजारच्या रेघांच्या पट्टीवर कोणीतरी मोटार घातली होती. दार उघडत होते, पण उतार निघत नव्हता. दुकानात जाऊन त्यांनी सांगितले, ध्वनिक्षेपकावर गाडीचा क्रमांक पुकारला गेला, कोणी आले नाही. मी जवळ जाऊन मोडक्या इंग्रजीत विचारले, "गाडी मी थोडी मागे घेऊन देऊ का?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "घेता येणार नाही, चालकाच्या जागी आसनच नाही." त्या खुर्चीवर बसूनच गाडी चालवत असत; खुर्ची हेच आसन. म्हणजे किल्ली परक्याच्या हातात देण्याची जोखीम पत्करावी म्हटले तरी उपयोग नव्हता. चाळीस मिनिटे आम्ही थंडीत उभे होतो. शेवटी एक तरुण धावत आला आणि म्हणाला, "माफ करा, पाचच मिनिटांचे काम होते."

बंधुभगिनींनो, हे 'पाचच मिनिटे' म्हणणारे लोक वाईट नसतात. त्या तरुणाचा चेहरा खरोखर ओशाळला होता. त्याच्या मनात असे होते की, 'मी राखीव जागेत गाडी घातलेली नाही, मी रेघांवर घातली आहे. रेघा म्हणजे कोणाचीच जागा नाही.' मूळ गैरसमज इथेच आहे. ती रिकामी पट्टी म्हणजे उरलेली जागा नव्हे. ती त्या गाडीचे दार आहे. घराच्या दारासमोर गाडी आडवी लावून 'घरात तर शिरलो नाही ना' असे म्हणण्यासारखेच ते आहे.

तिथे राहून आणि पुढे वाचून अडचणींची जी यादी झाली, ती थोडक्यात देतो. दुकानाच्या सामानाच्या ढकलगाड्या लोक त्या पट्टीत सोडून जातात. मोटारसायकलवाल्याला ती पट्टी आपल्यासाठीच केली आहे असे वाटते. बर्फ पडला की तळ साफ करणारा बर्फाचा ढीग तिथेच रचतो, कारण तेवढी एक जागा मोकळी दिसते. पट्टी चुकीच्या बाजूला असली तर गाडी उलटी घालावी लागते. म्हणून तिरप्या आखणीत व्हॅनची पट्टी प्रवाशाच्या बाजूलाच असावी, असा नियम करावा लागला. जुन्या बहुमजली तळांची उंची सात फुटांच्या आसपास असते, तिथे उंच छपराची व्हॅन शिरत नाही. रस्त्याच्या कडेला गाडी लावावी तर उतार नेमका दिव्याच्या खांबावर येतो.

याशिवाय एक अडचण अशी आहे की, ती ऐकून आपल्याला कोणाचा राग येणार नाही. राखीव जागेचा परवाना हृदयविकाराच्या, दम्याच्या, गुडघेदुखीच्या माणसालाही मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. त्याला लांब चालवत नाही. परंतु त्याची मोटार साधी असते. व्हॅनच्या जागेवर 'व्हॅनसाठी योग्य' अशी पाटी असते. तिचा अर्थ, केंद्रीय नियमांप्रमाणे, 'व्हॅनसाठीच' असा होत नाही. तेव्हा दाराला जवळ म्हणून तो तिथे गाडी लावतो. त्याने कोणताही कायदा मोडलेला नसतो. पण पाच फुटांच्या पट्टीची जागा त्याला चालली असती, आणि व्हॅनवाल्याला दुसरी कोणतीच जागा चालत नाही. मग व्हॅनवाला काय करतो? तळाच्या दूरच्या टोकाला जाऊन दोन जागांवर आडवी गाडी लावतो. लोक शिव्या देतात. किंवा एकाच जागेत लावून देवावर हवाला ठेवतो की, परत येईपर्यंत शेजारी कोणी येऊ नये. किंवा परत घरी जातो. ही तिसरी गोष्ट कोणाच्या नोंदीत येत नाही. घरी परतलेल्या माणसाची हजेरी कोणी मांडत नाही.

आता कोणी विचारील, एवढे नियम त्या देशात सरकारच्या चांगुलपणातून झाले का? नाही. हक्काची कोणतीच गोष्ट तशी होत नाही, हे कामगाराला सांगायला नको. १९७३ मध्ये तिथे एक कायदा झाला. त्याच्या ५०४ व्या कलमात असे होते की, सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेने अपंगांना वगळू नये. कलम झाले, पण ते अमलात आणणारे नियम चार वर्षे सहीवाचून पडून राहिले. तेव्हा ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या सरकारी कचेरीत शंभराहून अधिक अपंग माणसे शिरली आणि तिथेच बसली. जुडिथ ह्यूमन आणि किटी कोन या त्यांच्या पुढाऱ्यांपैकी दोघी. तीन आठवड्यांहून अधिक काळ ती माणसे तिथे राहिली. त्यांतल्या काहींना कुशीवर वळायलासुद्धा दुसऱ्याची मदत लागत होती. ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्यांना रोज गरम जेवण पोचवले.

त्यांच्यातली एक तुकडी वॉशिंग्टनला गेली. विमानातून उतरल्यावर प्रश्न असा पडला की, खुर्च्यांसकट या लोकांना शहरात न्यायचे कशातून? तशी बसच नव्हती. तेव्हा यंत्रकामगारांची संघटना पुढे आली आणि तिने सामान वाहण्याचा एक मोठा ट्रक भाड्याने आणला. खिडकी नसलेल्या अंधाऱ्या ट्रकमध्ये खुर्च्या एकमेकींना टेकवून ती माणसे मंत्र्यांच्या दारी गेली. २८ एप्रिल १९७७ रोजी नियमांवर सही झाली. पुढे १९९० चा कायदा झाला तो याच पायावर. मी हे वाचले तेव्हा मला अभिमान वाटला आणि लाजही वाटली. एका देशातल्या कामगार संघटनेने अपंगांसाठी ट्रक आणला, आणि माझ्या संघटनेने एका अपंगाच्या गाडीमागे मोटारसायकली लावल्या!

आता आपल्या घरी येऊ. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. त्यांतले सुमारे २९.६ लाख महाराष्ट्रात. अपंग म्हणा की दिव्यांग म्हणा, शब्द बदलल्याने दार उघडत नाही. १९९५ मध्ये पहिला कायदा झाला, २०१६ मध्ये दुसरा. दुसऱ्या कायद्यात बसथांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळ यांच्या संदर्भात गाडी उभी करण्याच्या जागेचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. नव्या इमारतीने हे नियम पाळले नाहीत तर तिला परवानगी देऊ नये, असेही त्यात आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक मापांत राखीव जागा ३.६ मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत असावी, असे सांगितले आहे.

३.६ मीटर म्हणजे पावणेबारा फूट. आपण आत्ता सोळा फुटांचा हिशेब केला. फरक कुठून आला? पावणेबारा फुटांत एक मोटार आणि तिच्याशेजारी चार फूट मावतात. खुर्चीवरून आसनावर सरकणाऱ्या माणसाला ते पुरतात. बाजूला उतार टाकणाऱ्या गाडीला ते पुरत नाहीत. आपल्याकडे उताराच्या गाड्या बहुधा मागच्या दाराच्या असतात, म्हणून त्यांना बाजूला नव्हे तर पाठीमागे जागा हवी; आणि पाठीमागची जागा कोणत्याच आखणीत रंगवलेली नसते. शिवाय आपल्या गावांत अशा मोटारींपेक्षा मागे दोन जादा चाके लावलेल्या स्कूटर अधिक. त्या स्कूटरलाही साध्या स्कूटरच्या रांगेत उभे राहता येत नाही. तिला रुंदी हवी आणि शेजारी खुर्ची किंवा कुबड्या काढायला जागा हवी. तेव्हा तिकडचे नियम जसेच्या तसे उचलून चालणार नाहीत. आपली वाहने मोजून आपली मापे ठरवली पाहिजेत.

कायद्याच्या बाजूने एक महत्त्वाची गोष्ट घडली आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात असा निकाल दिला की, अपंगांना सर्व ठिकाणी पोचता येण्याविषयीचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवणे हे मूळ कायद्याला धरून नाही, आणि सरकारने किमान बंधनकारक नियम तीन महिन्यांत करावेत. त्या पीठाचे प्रमुख न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. निकाल उत्तम आहे. परंतु १९७३ ते १९७७ या चार वर्षांची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. कागदावरचे कलम आणि फरशीवरची रेघ यांच्यामध्ये नेहमी कोणालातरी उभे राहावे लागते.

एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो; त्याला उत्तर देऊन संपवतो. लोक म्हणतात, "आमच्या गावात चालायला फूटपाथ नाही, धडधाकट माणसाला स्कूटर लावायला जागा नाही, आणि तुम्ही एका माणसासाठी सोळा फूट मागता. ती जागा दिवसभर रिकामीच राहणार." आक्षेप खोटा नाही, जागेची टंचाई खरी आहे. पण माझा प्रतिप्रश्न असा आहे : कारखान्यात आग विझवण्याचा बंब ठेवतात, तो वर्षभर रिकामाच उभा असतो. म्हणून त्याच्या जागी आपण माल रचतो का? रचतो, आणि आग लागली म्हणजे काय होते तेही मी पाहिले आहे. काही जागांचे काम रिकामे राहणे हेच असते. आणि ती जागा रिकामी दिसते यावरून अपंग माणसे गावात नाहीत असे अनुमान काढणे चूक आहे. उतरता येत नाही म्हणून ती येत नाहीत. येत नाहीत म्हणून दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणून त्यांची जागा आपण घेतो. हे चक्र कुठेतरी तोडले पाहिजे, आणि ते आपल्या बाजूनेच तुटू शकते, कारण दुसरी बाजू गाडीत अडकलेली आहे.

मग करायचे काय? मोठ्या गोष्टी नगरपालिकेने आणि सरकारने करायच्या आहेत आणि त्या आपण मागितल्या पाहिजेत : मापे, रंग, उंच पाटी आणि दंड. आपल्या हातातल्या गोष्टी तीन. पहिली, रेघांच्या पट्टीवर किंवा उताराच्या गाडीमागे वाहन लावू नका. पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. दुसरी, सभा, लग्न, व्याख्यान, काहीही भरवा. निमंत्रण देताना अपंग पाहुण्याला विचारा की, तुमचे दार कोणत्या बाजूला उघडते. हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. तिसरी, ती जागा राखायला एक माणूस उभा करा. पाटी वाचली जात नाही. माणसाचे ऐकले जाते.

आमच्या युनियनने पुढच्या वार्षिक सभेपासून एवढे केले. फाटकाजवळ चुन्याने चौकोन आखला. गाडी आठ फूट रुंद जागेत आणि तिच्या मागे दहा फूट मोकळे. तिथे उभे राहण्याची पाळी पहिल्या वर्षी मी मागून घेतली. मोटारसायकलवाले यायचे, हॉर्न वाजवायचे, म्हणायचे, "साहेब, तुम्ही इथं? आत भाषण सुरू झालं ना!" मी म्हणायचो, "आत ज्याचे भाषण आहे तो इथूनच उतरणार आहे."

तो उतरला, आत गेला आणि पंचवीस मिनिटे बोलला. अपघात झालेल्या कामगाराला भरपाईबरोबर पोचण्याची सोयही मिळाली पाहिजे, असा ठराव त्याने मांडला आणि तो एकमताने संमत झाला. मी तो ऐकला नाही. मी बाहेर चौकोनाशी उभा होतो. नंतर इतिवृत्तात वाचला.